कच्चा आवाज

४ मार्च

प्रिय पेटी,

दुसऱ्या नावाने सुरुवात करून पाहिली, पण ते पत्र ऑफिसातून आल्यासारखं वाटायला लागलं. आमच्या घरात तुझं नाव पेटीच होतं. उंची कमी म्हणून तू कॅमेऱ्यामागे लाकडी पेटी ठेवून तिच्यावर उभी राहायचीस आणि बाकीचे कॅमेरावाले म्हणायचे, "पेटी आली, म्हणजे मागून बाई येत असेल." तू हसायचीस. माझी धाकटी बहीण हसायची नाही, दिवसभर धुसफुसायची.

धाकटी गेली. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात. फुप्फुसांचं दुखणं होतं, वर्षभर चाललं. तुला कोणाकडून कळलं असेल किंवा नसेल. तुझ्या भावाकडून पत्ता घेतला. देताना तो म्हणाला, "ती उत्तर देईल असं धरून चालू नका." मी धरून चाललेली नाही.

पत्राचं कारण कामाचं आहे. हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरी धुणाऱ्या बायकांवर तुम्ही दोघींनी फिल्म सुरू केली होती, ती आठवत असेल. तू गेल्यावर ती बंद पडली असं मी समजत होते. पण गेल्या दोन वर्षांत धाकटी एक लहानसा कॅमेरा घेऊन एकटीच तिथे परत जात होती. तुझ्या चित्रांत ज्या तरुण दिसतात त्यांतल्या काही जणी अजून तिथेच आहेत. तिने त्यांना पुन्हा टिपलं, तुझं जुनं आणि तिचं नवं जोडलं आणि आजारपणातच फिल्म पूर्ण केली. चॅनेलने ती घेतली आहे. संध्याकाळी, सगळे घरी असतात त्या वेळेला दाखवणार आहेत.

अर्धी चित्रं तुझी असल्यामुळे तुझी लेखी संमती लागेल. धाकटीच्या वतीने माझी सही झाली आहे. कागद सोबत जोडला आहे, तो एप्रिलअखेर त्यांच्याकडे पोचायला हवा.

तू विचारशील म्हणून लिहिते. शेवटी तिला फार त्रास झाला नाही. बोलणंही फारसं नव्हतं. तुझं नाव निघालं नाही.

मी ठीक आहे. पाणीखात्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाले. घरात दोघीच होतो, आता तिची खोली आवरायला घेतली आहे. तिचे हेडफोन तुला हवे असतील तर कळव. मला त्यांचं काय करायचं ते सुचत नाही.

ताई

२१ मार्च

प्रिय पेटी,

फोनवर तुझा निरोप आला. "कोणाच्या आवाजात?" एवढंच. मधल्या सगळ्या वर्षांनंतर पहिले शब्द हे. धाकटीबद्दल एक अक्षर नाही. असो. उत्तर विचारलंस तर देते. फोनवर मला बोलता येत नाही हे तुला माहीत आहे, म्हणून ई-मेलवर पत्रच लिहिते आहे.

आवाज निवेदक साहेबांचा असणार. तिच्या सगळ्या फिल्मना त्यांचाच आवाज आहे. त्यात नवीन काय आहे ते मला कळलं नाही, म्हणून मी चॅनेलच्या प्रमुख बाईंना भेटून आले. हो, आता तिथे बाई प्रमुख आहेत. तुमच्या वेळचे ते गृहस्थ केव्हाच गेले.

त्यांच्या खोलीत भिंतभर पडदे आहेत आणि सगळे मुके. माणसं तोंडं हलवत असतात, खाली अक्षरं पळत असतात. मला वाटलं होतं बाई कडक असतील. पण त्यांनी स्वतः उठून मला खुर्ची दिली. धाकटीबद्दल त्या चांगलं बोलल्या.

मी विचारलं, "फिल्ममध्ये आत्ता तिचाच आवाज आहे ना? मग तो बदलायचा का?"

"तो कच्चा आहे, ताई," त्या म्हणाल्या. मग त्यांनी समजावून सांगितलं. तुला हे पाठ आहे, पण मला नवं होतं. चित्रं जोडताना कुठे किती बोलणं येणार ते कळावं म्हणून दिग्दर्शक स्वतःच्या आवाजात तात्पुरतं वाचून ठेवतो. नंतर खरा निवेदक येऊन वाचतो आणि तो तात्पुरता आवाज पुसून टाकतात.

"आणि खरा निवेदक म्हणजे पुरुषच?"

त्या हसल्या. "ताई, मी इथे हवामान वाचायला लागले. माझ्या कपड्यांचा रंग जाहिरातवाले ठरवायचे. बातम्या वाचायला मिळायला माझे केस पिकायला आले, आणि केस पिकले म्हणून बातम्या काढून घेतल्या. मला हे शिकवू नका. बाईचा आवाज आला की लोकांना घरातलं कोणीतरी बोलतंय असं वाटतं. आणि घरातल्या बाईचं किती ऐकतात ते तुम्हाला माहीत आहे. संध्याकाळची वेळ मी भांडून मिळवली आहे. साहेबांचा आवाज आहे म्हणून मिळाली."

मला त्यांचं म्हणणं पटलं. निदान नाही पटलं असं म्हणता आलं नाही. लाँड्रीतल्या बायका संध्याकाळी घरी असतात. त्या स्वतःला बघतील, त्यांच्या घरचे त्यांना बघतील. धाकटीला तेच हवं असणार.

कागदावर सही करून पाठव.

ताई

९ एप्रिल

प्रिय पेटी,

"तिच्या आवाजात असेल तर सही करते, नाहीतर माझी चित्रं काढून टाका." वाचलं.

तुझी चित्रं काढली तर फिल्म उरत नाही हे तुलाही कळतं. म्हणजे ही अट नव्हे, नकार आहे. रागावून लिहिते आहे, पण लिहिते.

तू गेलीस त्याची तुझी बाजू मला माहीत आहे. तुम्हा दोघींना पहिल्यांदा मोठं काम मिळालं, सहा भागांची मालिका, आणि तू पोटुशी होतीस. त्या वेळचे प्रमुख म्हणाले, "पोट घेऊन कॅमेरा उचलणार का? उद्या काही झालं तर आमच्या गळ्यात येईल." धाकटीने दुसरा कॅमेरावाला घेतला. तुला म्हणाली, "एवढ्या मालिकेपुरतं." तू माझ्यासमोर आमच्या स्वयंपाकघरातून उठून गेलीस. कपातला चहा तसाच राहिला.

तिने चूक केली की नाही यावर मी बोलणार नाही. तिने नकार दिला असता तर काम दोघींच्या हातून गेलं असतं आणि पुढे कोणी दारात उभं केलं नसतं, हे ती मला सांगायची. मी विचारलेलं नसताना सांगायची. पण तू गेल्यानंतरचं तुला माहीत नाही, ते मी बघितलं आहे. मालिका झाली, नाव साहेबांच्या आवाजाचं झालं. तो कॅमेरावाला पुढच्या वर्षी स्वतः दिग्दर्शक झाला. त्याला कोणी विचारलं नाही की तुला जमेल का. धाकटीला प्रत्येक कामाआधी विचारायचे: बाहेरगावी राहशील ना? घरी कोण आहे? लग्नाचं काय ठरलंय, म्हणजे मधेच सोडणार नाहीस ना? लग्न केलंच नाही, तेव्हा म्हणायला लागले, हिला घरच नाही, हिला कुटुंबाचे विषय काय कळणार.

तिने परत कोणी कॅमेरावाला कायमचा जोडीला घेतला नाही. दर वेळी नवा. "हा कसा आहे?" मी विचारायची. "उंच आहे," ती म्हणायची. बस.

तू तिकडे दुकानात पासपोर्टचे फोटो काढतेस असं तुझा भाऊ म्हणाला. त्याने ते सहज सांगितलं, मला सहज ऐकता आलं नाही. तुझ्यावर अन्याय झाला हे मी मान्य करते. पण त्याचा हिशोब मेलेल्या माणसाकडून मागू नकोस, आणि माझ्याकडूनही नको.

येत्या आठवड्यात साहेब आवाज द्यायला स्टुडिओत येणार आहेत. कात्रीने मला बोलावलं आहे. कात्री म्हणजे तुमचा तोच एडिटर, अजून तसाच बारीक आहे, फक्त चष्मा जाड झाला. मी जाऊन बघते. मग लिहीन.

ताई

१८ एप्रिल

प्रिय पेटी,

जाऊन आले. जे झालं ते क्रमाने लिहिते.

स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या, मधे काच. काचेपलीकडे साहेब, अलीकडे कात्री आणि मी. साहेब सज्जन आहेत. माझ्याजवळ आले, "तुमच्या बहिणीचा अभ्यास दांडगा होता, आमची जोडीच होती," म्हणाले. थर्मासमधलं गरम पाणी घोट घोट प्यायले, घसा साफ केला आणि आत गेले. आवाज खरंच भारदस्त आहे. काच हलते की काय असं वाटलं.

पण जमेना. दोन-तीन वाक्यं झाली की थांबायचे.

"वाक्यं फार लहान आहेत हो. सुरू होतात न होतात तोच संपतात. मला उभं राहायला जागा नाही."

"साहेब, थोडं लवकर. चित्र संपतंय," कात्री म्हणाला.

"मग चित्र वाढवा ना."

"वाढवायला चित्र पाहिजे. ती बाई चादर एकदाच झटकते. आता तिला परत झटकायला सांगू का?"

साहेब हसले, पण पुढचं वाक्यही अडलं. शेवटी त्यांनी स्वतःच शब्द घालायला सुरुवात केली, म्हणजे आवाजाला पल्ला मिळावा. धाकटीने शेवटी लिहिलं आहे, "चादर वाळली की तिच्यावर कोण झोपलं होतं ते कोणी विचारत नाही. इथे विचारतात." साहेबांनी वाचलं, "परंतु येथील या कष्टाळू माता-भगिनी मात्र आवर्जून विचारतात."

कात्रीने माझ्याकडे बघितलं नाही. "छान, साहेब," म्हणाला.

ते गेल्यावर मी विचारलं, "आता हे बसवणार कसं?"

"दोन-चार चित्रं काढावी लागतील. पेटीचं ते वाफेतल्या हातांचं पहिलं जाईल. लांब आहे आणि त्याच्यावर बोलणं नाही. ताई, गंमत सांगू? ही फिल्म मी तिच्या श्वासावर कापलीय. तिचा दम जिथे संपतो तिथे चित्र बदलतं. आजारी होती ना, वाक्यं तेवढीच यायची. साहेबांचा दम मोठा आहे, तो मावत नाही."

आता जे लिहिते ते नीट वाच. संगणकावर फाइलचं नाव दिसत होतं. पुढे "कच्चा" असं लिहिलेलं. आमच्या प्रयोगशाळेत नमुन्याच्या बाटलीवर चिठ्ठी कोणी लावली ते विचारल्याशिवाय आम्ही पुढे जात नसू. त्या सवयीने विचारलं, "हे नाव कोणी दिलं? तिने?"

"मी दिलं."

"तिने सांगितलं होतं?"

"सांगायला कशाला पाहिजे, ताई? तिचा आवाज कच्चाच असतो. आजवर कधी…" आणि तो थांबला.

मग त्याने तिच्या जुन्या फिल्म काढल्या. तिचे तात्पुरते आवाज पुसायचे असतात, पण त्याने ठेवले होते. मला माहीत नव्हतं. एकेक सुरू करून ऐकवला. प्रत्येक वेळी वाचायला लागण्याआधी ती म्हणते, "कच्चा आवाज. नंतर बदलायचा." आवाज तरुण आहे, मग जरा मोठा, मग थकलेला, पण वाक्य तेच. कधी घाईत, कधी जांभई देत. एकदा मागे तू हसतेस.

मग लाँड्रीची फिल्म लावली. तिच्यात ते वाक्य नाही. एक श्वास आहे आणि ती सरळ बोलायला लागते.

कात्रीने सुरुवात पुन्हा एकदा लावून बघितली. मग कात्री म्हणाला, "दम लागत होता. म्हणून म्हटलं नसेल." त्याचंही खोटं नाही. खात्रीने सांगता येत नाही आणि विचारायला ती नाही.

पण मी तिला ते वाचताना ऐकलं आहे. कपड्यांच्या कपाटात गोधड्या लावून ती आत बसायची आणि मला पंखा, फ्रिज सगळं बंद करायला सांगायची. मी बाहेर पाण्याचा पेला घेऊन उभी असायची. एकच वाक्य ती परत परत म्हणायची, खोकायची आणि पुन्हा पहिल्यापासून. मी दारातून म्हटलं, "बरं आहे की, पुरे." ती म्हणाली, "अजून बरोबर नाही." कात्रीला हे सांगितलं तेव्हा त्याने चष्मा काढला. "कच्चा आवाज एका झटक्यात उरकायचा असतो, ताई. तो दुरुस्त करायला कोणी बसत नाही."

त्याने नाव सवयीने टाकलं. चॅनेलने ते नाव वाचून साहेबांना बोलावलं. एवढ्याच गोष्टीवर सगळं उभं आहे.

तुझं म्हणणं बरोबर होतं असं मी अजून म्हणत नाही. मला विचार करू दे.

ताई

२९ एप्रिल

प्रिय पेटी,

तुझा सही केलेला कागद मिळाला. मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलं आहेस, "अट नाही. आवाजाचं ताई ठरवेल." मी तो टेबलावर ठेवला आणि पाणी प्यायले. तुझ्याशी भांडणं यापेक्षा सोपं होतं.

दोन ठिकाणी जाऊन आले. आधी प्रमुख बाईंकडे. मी सगळं सांगितलं, ते न बोललेलं वाक्यही. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तिच्या आवाजात संध्याकाळी मला लावता येणार नाही. मी वर जाऊन सांगू काय? आजारी बाईचा धापा टाकणारा आवाज आहे, पण ऐका? फार तर दुपारी दीड वाजता, एकदाच. जाहिरात नाही. आणि ताई, संध्याकाळची ही जागा मी सोडली की ती मला परत मिळणार नाही. पुढच्या वर्षी दुसरी कोणी मुलगी फिल्म घेऊन येईल, तिच्यासाठीही नाही. तेवढं लक्षात घ्या."

मग लाँड्रीत गेले. तिथल्या थोरल्या बाई, सगळ्या त्यांना थोरलीच म्हणतात, तुझ्या चित्रांत लांब वेणीवाली ती. आता वेणी नाही. दुपारी दीडला त्यांची पाळी ऐन भरात असते. मी विचारलं तेव्हा त्या इस्त्रीच्या रुळावरून चादर ओढत होत्या, थांबल्या नाहीत.

"आवाज कुणाचा का असेना, आम्ही दिसतो ना?" त्या म्हणाल्या. "संध्याकाळी असती तर घरच्यांनी बघितली असती. माझा नातू म्हणतो, आजी, तू कामावर काय करतेस? आता त्याला तोंडाने काय सांगू? वाफ सांगता येते का?"

मी नमस्कार करून बाहेर आले.

तर पेटी, असं आहे. साहेबांचा आवाज घेतला तर थोरलीचा नातू तिला बघतो. धाकटीचा घेतला तर बघत नाही. तू माझ्यावर सोडलंस, ते फार बरं केलंस असं नाही.

आता एक गोष्ट. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की तुझं नाव निघालं नाही. ते खरं नव्हतं. शेवटचे दोन दिवस तिने दुसरं कुठलं नावच घेतलं नाही. ताप चढला होता. माझा हात धरून म्हणायची, "पेटी, उजेड पुरेल का?" पहिल्यांदा मी म्हटलं, "अगं, मी ताई." तिने मान फिरवली. थोड्या वेळाने परत, "पेटी, उजेड पुरेल का?" तेव्हा मी म्हटलं, "पुरेल." ती गप्प पडून राहिली. मग दोन दिवस मी तेच म्हणत होते. "पुरेल." मी तिला लहानपणापासून न्हाऊ-माखू घातलं, तिच्यासाठी कधी घर सोडलं नाही, आणि शेवटी ती मला पेटी म्हणत होती. हे तुला कळवायची माझी इच्छा नव्हती.

स्टुडिओतून आल्यापासून माझ्या डोक्यात तेच घोळतं आहे. दोन दिवस मी तुझ्या जागी बोलले. मनात वाईट काही नव्हतं. तिला बरंही वाटलं असेल. पण तिने विचारलं तुला आणि उत्तर आलं माझं. साहेबही सज्जन आहेत, त्यांच्याही मनात वाईट काही नाही. तेही तिच्या जागी बोलले, आणि माता-भगिनी झालं.

मी प्रमुख बाईंना कळवलं आहे. दुपारी दीड. तिचा आवाज. थोरलीला सांगायला उद्या जाणार आहे. ती काय म्हणेल ते ऐकून घेईन.

तुला एक विचारायचं आहे. उजेडाचं. तू असतीस तर काय म्हणाली असतीस? मी बरोबर म्हटलं का?

ताई

२३ मे

प्रिय पेटी,

फिल्म काल लागली.

कात्री म्हणाला, माझ्याकडे बसून बघू, मोठा पडदा आहे. मी लाँड्रीत गेले. मी ठरवल्याचं सांगितलं तेव्हा थोरलीने एवढंच म्हटलं होतं, "तुमची बहीण, तुमची मर्जी," आणि चादरी मोजायला लागली होती. तिच्यासमोर न बसता घरी बसून बघणं मला जमलं नसतं.

बायकांनी वॉर्डातल्या प्रतीक्षेच्या खोलीतला टीव्ही मागून आणला होता. घड्या घालायच्या टेबलावर ठेवला, वायर ओढून लावली. वाफ होती, काच पुसावी लागत होती. दीड वाजता फिल्म सुरू झाली आणि काही म्हणजे काही ऐकू येईना. धुण्याची मशीनं चालू, सुकवायची चालू, पंखे चालू. टीव्हीचा आवाज पूर्ण वाढवला तरी नुसती गुणगुण. ज्याच्यासाठी मी एवढं केलं तो आवाज त्या खोलीत पोचतच नव्हता, पेटी. मी त्यांच्यामध्ये उभी राहून नुसती चित्रं बघत होते. प्रमुख बाईंच्या खोलीतल्या पडद्यांसारखी.

बायकांना चित्रं पुरत होती. "ही बघ मी! केवढी बारीक होते गं." "ही कोण? अगं, ती गेली ना." तुझी तरुण थोरली आली तेव्हा सगळ्या ओरडल्या. "वेणी बघा बाईसाहेबांची!" थोरली हसली नाही. मान पुढे काढून बघत होती. मग वाफेतल्या हातांचं तुझं चित्र आलं, लांब, बोलणं नसलेलं, आणि सगळ्या टेबलाजवळ सरकल्या. ते हात त्यांच्यातल्या कोणाचे ते त्यांना ओळखता येत होतं, मला नाही.

ते संपता संपता धाकटी पुन्हा बोलायला लागली असणार. थोरलीने माझ्या तोंडाकडे बघितलं. "ती बोलतेय का?" तिने विचारलं. ओरडूनच विचारावं लागलं.

"हो."

"काय म्हणते?"

मला सगळं पाठ होतं. मी सांगू शकले असते. तोंड उघडलं आणि नाही सांगितलं. "तिचं तिला सांगू दे," असं काहीतरी म्हटलं. ते तिला ऐकू गेलं की नाही माहीत नाही. ती उठली आणि कोपऱ्यातल्या मशीनचा खटका बंद केला. मग शेजारच्याचा. दुसऱ्या बायका बघत राहिल्या, मग त्यांनी आपापली बंद केली. पंखेसुद्धा. ड्रम फिरत फिरत सावकाश थांबले. मी कधी ती खोली गप्प झालेली बघितली नव्हती.

शेवटचा भाग ऐकू आला. चादरीचं वाक्यही आलं. मधे तिचा श्वास अडकतो, तोही.

"दम लागतोय हिला," एक जण म्हणाली.

"आजारी होती," मी म्हटलं.

"आम्हाला बोलली नाही," थोरली म्हणाली. "इथे बसून माझ्याकडून चार टोकांची घडी शिकली. खोकायची, तर मला वाटलं वाफेने." मग शेवटची नावं संपेपर्यंत ती पडद्याकडे बघत राहिली. वरच्या मजल्यावरून फोन आला की चादरी का थांबल्या. तिनेच उचलला. "बिघाड झालाय," ती म्हणाली. "होईल सुरू." आणि फोन ठेवून पहिल्या मशीनकडे गेली. नातवासाठी फिल्म मागून घेऊ का, असं कोणीतरी विचारलं. कात्री एक प्रत करून देणार आहे. संध्याकाळच्या वेळेची भरपाई त्याने होत नाही, हे मला माहीत आहे आणि थोरलीलाही.

चॅनेलकडून किती जणांनी बघितली ते कळलं नाही. कळणारही नाही. प्रमुख बाईंचा एक निरोप आला: "माझ्या खोलीतला आवाज चालू करून पूर्ण ऐकली." पुढे काही नाही. त्यांना ती संध्याकाळची जागा परत मिळाली नाही असं कात्री म्हणतो.

उजेडाचं तुझं उत्तर फिल्म लागायच्या आदल्या दिवशी मिळालं होतं. "मी म्हटलं असतं, नाही पुरणार, आटप." वाचून मी स्वयंपाकघरात एकटीच मोठ्याने हसले. मग खाली बसले. तू अगदी हेच म्हणाली असतीस, आणि तीही चिडून काहीतरी बोलली असती, आणि काम झालं असतं. मी तिला दोन दिवस "पुरेल" म्हणत राहिले.

हेडफोन तू मागितले नाहीस, पण आज पाठवले. कानावरचं स्पंज झिजलं आहे, ते बदलू नकोस. सोबत कात्रीने तिचे सगळे आवाज एकत्र करून दिले आहेत, ज्यात मागे तू हसतेस तोही. पोचले की कळव. फोन केलास तरी चालेल. उचलीन.

ताई